घट्ट दही, चक्का आणि ग्रीक योगर्ट: रोजच्या स्वयंपाकातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पाडवा-दसऱ्याच्या आधी आणि एप्रिल-मेमध्ये सर्वांत जास्त येतात. व्यायामशाळेत जाणारी मंडळी मात्र बारा महिने विचारतात. एकच उत्तर दोनदा द्यायला नको, म्हणून जिथे जोड आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पुढे सगळीकडे ‘घट्ट दही’ म्हणजे तीन-चार तास निथळलेलं दही आणि ‘चक्का’ म्हणजे रात्रभर निथळून गोळा झालेलं दही असं समजा. बाजारातलं साधं, बिनसाखरेचं ग्रीक योगर्ट या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतं.

१. ग्रीक योगर्ट म्हणजे आपला चक्काच ना? मग दुकानात एवढे पैसे कशाला द्यायचे?

रीत एकच आहे. दही लावायचं आणि त्यातलं पाणी काढायचं. फरक पडतो दुधामुळे. आपल्या घरी बहुधा म्हशीचं, सायीसकट दूध असतं. दुकानातल्या डब्यात पुष्कळदा साय काढलेल्या किंवा कमी स्निग्धांशाच्या दुधाचं दही असतं आणि ते यंत्राने निथळलेलं असतं. त्यामुळे ते गुळगुळीत लागतं, पण गॅसवर लवकर फुटतं (प्रश्न ७). कोशिंबीर, भरीत, चटणी यांत मात्र दोन्ही बिनदिक्कत अदलाबदल करा. घरात फ्रीज आणि एक स्वच्छ सुती फडकं असेल तर पैसे देण्याची काही गरज नाही. खोली करून राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी प्रश्न १२ आहे.

२. घरी करायचं तर नेमकं कसं? माझं कधी पातळ राहतं, कधी रवाळ होतं.

दोन्ही दोष निथळण्याच्या आधीचे, म्हणजे दही लावतानाचे असतात. दूध नुसतं उतू जाईपर्यंत तापवून उतरवू नका. उकळी आल्यावर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं ढवळत ठेवा. थोडं पाणी आटतं, आणि एरवी पाण्याबरोबर वाहून जाणारी प्रथिनं या उष्णतेने दह्याच्या जाळीत अडकतात. दही आपोआप दाट लागतं.

मग कोमट होऊ द्या. बोट बुडवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत, पण ऊब जाणवली पाहिजे. तापमापी असेल तर 40 ते 42 अंश. अर्धा लिटरला एक लहान चमचा विरजण पुरे. विरजण जास्त झालं किंवा दूध जास्त गरम असलं की दही रवाळ होतं आणि पाणी सोडतं. उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागतं, थंडीत रात्रभर. लागल्याबरोबर दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. गार, बसलेलं दहीच कपड्यात ओतायचं. कोमट ओतलं तर निम्मं दही पाण्याबरोबर खाली जातं.

पातेल्यावर चाळणी, चाळणीवर दुहेरी ओलं करून पिळलेलं फडकं, त्यावर दही. कपड्याची टोकं वर गुंडाळून बशी झाका. घाई असेल तर बशीवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवा. हाताने पिळू मात्र नका. पिळलं की खालचं पाणी दुधाळ, पांढरं येऊ लागतं, म्हणजे तुमची सायच चालली. नीट निथळलं की पाणी पारदर्शक, किंचित हिरवट-पिवळं पडतं. काही जण ती छटा पाहून घाबरतात. तो रंग दुधातल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा आहे.

३. गाईचं दूध असेल तर? आमच्याकडे देवणी आहे.

होतं, छान होतं, पण कमी भरतं. म्हशीच्या एक लिटर दुधाचा साधारण 350 ते 400 ग्रॅम चक्का येतो. देवणी किंवा लाल कंधारी गाईच्या दुधाचा त्याहून कमी, कारण त्यात घन भागच कमी. दहीही जरा नाजूक लागतं. दूध आटवण्याची पायरी (प्रश्न २) गाईच्या दुधात चुकवू नका. चव हलकी असते, लहान मुलांना आवडते.

४. मे महिन्यात टांगून ठेवलं की सकाळी आंबट ढाण! काय करावं?

खुंटीला पुरचुंडी टांगायची पद्धत आपल्या आज्यांच्या घरात चालायची, कारण भिंती जाड मातीच्या होत्या. पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली, बाहेर पारा 42 वर असताना, दह्यातले जिवाणू रात्रभर काम करत राहतात. जितका वेळ ऊब, तितका आंबटपणा. म्हणून मार्च ते जून चाळणीची मांडणी सरळ फ्रीजमध्येच करा. खालच्या कप्प्यात पातेलं मावत नसेल तर चहाची मोठी गाळणी आणि भगुणं घ्या, थोडं थोडं करा.

लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर दही अगदी गोड असतानाच, म्हणजे नुकतं लागल्याबरोबर गार करून निथळायला ठेवा आणि फ्रीजचं दार उघडू नका. फ्रीजच नसेल तर माठातलं पाणी परातीत घेऊन त्यात पातेलं ठेवायचं, वर ओलं फडकं, आणि चार तासांत काढून घ्यायचं. घट्ट दही मिळेल, चक्का नाही. आंबट झालंच तर श्रीखंडाचा विचार सोडा आणि धपाट्याच्या पिठात, मसाला लावलेल्या चिकनमध्ये किंवा भरितात संपवा. यीस्टसारखा वास आला, गुलाबी किंवा काळे ठिपके दिसले, तर वरचं काढून खालचं वापरायचं नाही, सगळं टाकायचं.

५. दुकानातून घेताना डब्यावर काय वाचायचं?

घटकांची यादी. दूध आणि जिवाणू कल्चर एवढंच असेल तर डोळे झाकून घ्या. दुधाची पावडर असली तरी हरकत नाही. स्टार्च, पेक्टिन, जिलेटिन दिसलं तर ते दाटपण निथळून आलेलं नाही. असं दही कोशिंबिरीत चालतं, पण गरम केल्यावर कधी चिकट, कधी एकदम पातळ होतं. जिलेटिन प्राणिज असतं, त्यामुळे शाकाहारी घरात हिरवा ठिपका बघूनच घ्या. मग साखर बघा. आंबा, स्ट्रॉबेरी, व्हॅनिला लिहिलेल्या डब्यांत ती भरपूर असते आणि त्यांचा स्वयंपाकात काडीचा उपयोग नाही.

तालुक्याच्या गावी ग्रीक योगर्ट मिळत नाही, अशी तक्रार येते. डेअरीवाल्याला चक्का आहे का विचारा. सणाच्या आधी तर तो किलोवर मिळतोच. फक्त घेताना चव घेऊन बघा, जुना असेल तर जिभेला लगेच कळतं.

६. पाककृतीत एक वाटी दही लिहिलं असेल तर एक वाटी चक्का घालू का?

नको. पाऊण वाटी चक्का आणि पाव वाटी पाणी, किंवा निथळलेलं पाणीच (प्रश्न १०), एकत्र घोटा. उलट बाजूने, एक वाटी ग्रीक योगर्ट लिहिलं असेल तर अडीच वाट्या दही निथळायला लावा.

७. रश्श्यात घातलं की फुटतं. आख्खं कालवण चोथापाणी होतं. उपाय सांगा.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर. दह्यातली प्रथिनं आंबटपणामुळे आधीच एकमेकांना चिकटायला टपलेली असतात. त्यांना एकदम कडक उष्णता मिळाली की ती आकसतात आणि पाणी बाहेर फेकतात. चक्क्यात तर प्रथिनं जास्त, त्यामुळे तो आणखी हट्टी. स्निग्धांश जास्त असेल तर मात्र प्रथिनांच्या मध्ये तूप-साय येते आणि फुटणं कमी होतं. म्हणूनच म्हशीच्या सायीच्या दह्याचा चक्का रश्श्यात तग धरतो आणि ‘झिरो फॅट’ डबा दगा देतो.

करायचं असं. चक्का अर्धा तास आधी बाहेर काढा. वाटीभर चक्क्याला एक चमचा बेसन लावून रवीने घोटा. गाठ राहता कामा नये. आपल्याकडे येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) घरात असतंच, तर बेसनाऐवजी दोन चमचे येसर कालवा. भाजलेल्या धान्याचा स्टार्च तेच काम करतो आणि वासही जुळतो. आता कालवणातला एक पळी गरम रस्सा त्या वाटीत घाला, ढवळा. पुन्हा एक पळी. वाटी कोमट झाली की आच अगदी मंद करा आणि धार धरून पातेल्यात सोडा. एका हाताने धार, दुसऱ्या हाताने पळी, आणि पळी एकाच दिशेने फिरवायची म्हणतात ते सोडा, फिरत राहिली म्हणजे झालं. परत हलकी उकळी येईपर्यंत ढवळणं थांबवू नका. मीठ शेवटी.

टोमॅटो, चिंच, आमसूल हे आधीच घातलेलं असेल तर आंबटावर आंबट होतं आणि फुटण्याची शक्यता वाढते. एक काहीतरी निवडा. काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात मी दही घालतच नाही. त्या रश्श्याचा तवंग आणि तिखटपणाच त्याची ओळख, दह्याने तो मवाळ होतो. वांगी-बटाटा, दुधी, मेथीचे गोळे, कोंबडीचं सुकं यांत मात्र चक्का शोभतो.

८. फुटलंच तर वाचवता येतं का?

चवीला काही होत नाही, दिसायला वाईट. आच बंद करा, थोडा रस्सा काढून एक चमचा भाजलेलं दाण्याचं कूट घालून मिक्सरमधून फिरवा आणि परत ओता. पाहुणे दारात असतील तर वरून भरपूर कोथिंबीर. तीही नसेल तर काही न बोलता वाढा.

९. ताक, कढी, मठ्ठा, आंबील यासाठी चक्का पातळ करून वापरू का?

कशाला? ज्यातलं पाणी काढायला रात्र गेली त्यातच परत पाणी ओतायचं! कढीला साधं आंबट दही हवं. ताक म्हणजे लोणी काढून उरलेलं. चक्का पाण्यात घोटून जे होतं ते पातळ केलेलं दही, त्याला ताकाची चव नाही. जिलबीबरोबरचा मठ्ठा साध्या दह्याचाच चांगला.

आंबिलीचं विचाराल तर लातूर-धाराशिवकडच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, मोठ्या मडक्यात ज्वारीच्या पिठाची आंबील करतात ती ताकात. तिथे चक्का वाया घालवू नका. पण घरी वाटीभर आंबील करायची असेल तर चक्क्याखाली साठलेलं पाणी तिच्यासाठी उत्तम आहे.

१०. खाली साठलेलं पाणी आम्ही मोरीत ओततो. काही उपयोग आहे का?

भरपूर. एक लिटर दह्याखाली अर्ध्या लिटरच्या वर हे पाणी, म्हणजे निवळ, मिळते. तिच्यात दुधातली साखर, थोडी प्रथिनं आणि बरंच कॅल्शियम असतं. बाटलीत भरून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते.

सर्वांत चांगला उपयोग धपाट्यांत. ज्वारीचं, बेसनाचं, गव्हाचं पीठ, तीळ, ओवा, लसूण-मिरचीचा ठेचा, कोथिंबीर घालून पाण्याऐवजी निवळीने भिजवा. धपाटे मऊ राहतात आणि प्रवासात दुसऱ्या दिवशीही खाववतात. पोळ्यांची कणीक भिजवा, उपमा करा, गोळ्यांची कढी पातळ करायला वापरा. उन्हातून आल्यावर मीठ, जिरेपूड आणि चिमूटभर हिंग घालून प्या.

दोन ठिकाणी मात्र नको. एक, ज्वारीची भाकरी. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा कडक पाण्याने येतो आणि निवळ उकळली की तिच्यात पांढरे कण फुटतात. भाकरी थापताना कडा चिरतात आणि चवही आंबूस होते. दोन, डाळ शिजवताना. आंबटात तूर लवकर शिजत नाही, दाणा टणक राहतो. डाळ शिजून घोटल्यावर घाला. कढीपत्त्याच्या झाडाला घालणारे घालतात, तेव्हा चौपट पाणी मिसळून आणि कधीतरीच.

११. रोजच्या भाकरीसोबत काय करता येईल? कोशिंबिरीच्या पुढे डोकं चालत नाही.

भाकरी कोरडी असते, तिला लागतं ओलं आणि चटकदार कोरड्यास, म्हणजे तोंडीलावणं. चक्का नेमका तिथे बसतो. दह्यासारखा ताटभर पसरत नाही आणि भाकरीच्या तुकड्यावर उचलता येतो.

पहिला मान शेंगदाण्याच्या चटणीला. लसूण घालून कुटलेली, तेल सुटलेली चटणी दोन चमचे आणि चक्का चार चमचे, नुसतं कालवा. वर कच्चं शेंगतेल. कारळाच्या आणि जवसाच्या चटणीचंही असंच. कारळाची चटणी दह्यात राखाडी दिसते, त्याला इलाज नाही, चव बघा. हिरव्या मिरचीचा ठेचा चक्क्यात कालवला की ज्यांना ठेचा सोसत नाही त्या सासऱ्यांनाही चालतो. मेतकूट-चक्का, वर मोहरी-हिंगाची फोडणी, हा तर पाच मिनिटांचा प्रकार.

वांग्याचं भरीत थोडं नीट सांगते. वांगं निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजून सोलल्यावर दहा मिनिटं चाळणीत तिरकं ठेवा. काळपट, कडसर पाणी निघून जातं. मग काट्याने मोडा, हाताने कुस्करलं तर अजून चांगलं, धागे राहतात. बारीक कांदा, पात असेल तर पात, हिरवी मिरची, मीठ. पूर्ण गार झाल्यावरच चक्का. गरम वांग्यात घातला की तो सैल पडतो आणि भरीत ताटात पाणी सोडतं. शेवटी कढल्यात तेल, मोहरी, ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत, आणि ती फोडणी चरचरत वर. असंच लाल भोपळ्याचं होतं, त्यात चिमूटभर साखर.

काकडीची कोशिंबीर पाणचट होते त्यात दह्याचा दोष अर्धाच. मीठ काकडीतलं पाणी ओढून काढतं. काकडी कोचवून, मीठ लावून, दहा मिनिटांनी घट्ट पिळा, मग दाण्याचं कूट आणि चक्का. पिळलेलं पाणी कणकेत. मुळा, गाजर, बीट यांचंही तसंच. कांद्याला मीठ वाढतानाच.

थंडीत बाजरीच्या गरम भाकरीवर लोणी नसेल तर चक्का आणि गुळाचा खडा ठेवून बघा.

१२. मुलगा लातूरला क्लाससाठी खोली करून राहतो. गॅस नाही, मेस बेकार. दह्याचं काय करून खाऊ शकेल?

बाजारातला साधा ग्रीक योगर्टचा डबा किंवा डेअरीचा पावशेर चक्का, आणि घरून नेलेले चटणीचे डबे. भिजवून निथळलेले पोहे, चक्का, मेतकूट, कच्चा कांदा, मीठ. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाण्याची चटणी, चक्का. गावाकडून आलेले धपाटे आणि प्रश्न ११ मधलं कोणतंही कालवलेलं. सकाळी केळं कापून त्यात चक्का आणि गूळ. खोलीवर फ्रीज नसेल तर मोठा डबा घेऊ नये. रोज लागेल तेवढंच, आणि उन्हाळ्यात आणल्यावर तासाभरात संपवायचं.

१३. शाळेच्या डब्यात दहीभात देते, दुपारपर्यंत आंबतो. चक्क्याने फरक पडेल?

पडतो, पण युक्ती वेगळी आहे. भात गरम असतानाच थोडं दूध घालून मऊ करा, पूर्ण गार होऊ द्या, मग फक्त दोन-तीन चमचे गार, ताजा चक्का. दूध जास्त, दही कमी. डब्यात हळूहळू जे आंबेल ते दुपारी बरोबर चवीला येतं. फोडणी वरून, मीठ बेताचं. एप्रिलच्या सकाळच्या शाळेलाही चालेल. पण दप्तर उन्हात चार-पाच तास राहणार असेल तर दह्याचं काहीच देऊ नका, तेव्हा धपाटे आणि कोरडी चटणी बरी.

१४. क्रीम, मेयोनीज, पनीर या तिन्हींच्या जागी चालतो असं ऐकलं. खरं का?

मेयोनीजच्या जागी झकास: चक्का, थोडं तेल, मिरपूड, मोहरीची पूड, मीठ. सँडविच ओलं होत नाही. क्रीमच्या जागी चालतो, पण आच बंद केल्यावर आणि थोडं दूध घालून घोटून. उकळायचा नाही, कारण प्रश्न ७. पनीरच्या जागी नाही. पनीर गरम केल्यावर वितळत नाही, चक्का मऊ पडून पसरतो.

१५. चिकनला दही लावतो ते तव्यावर पाणी सोडतं आणि उकडल्यासारखं होतं. चक्का लावू का?

अवश्य. चक्क्याची सर्वांत चांगली जागा हीच म्हणेन. पाणी नसल्याने मसाला तुकड्याला धरून राहतो, तवा गार पडत नाही आणि कडा खरपूस होतात. आंबटपणा मांस हळूहळू मऊ करतो, लिंबासारखं वरवर कडक करत नाही. चिकनला चार ते आठ तास, मटणाला रात्रभर, दोन्ही फ्रीजमध्ये. आलं-लसूण, हळद, काळा मसाला, मीठ, थोडं तेल. तळताना तुकडे लगेच हलवू नका, एक बाजू सुटू द्या. मसाला लावून उरलेला चक्का कच्चा चटणीत वापरायचा नाही, हे सांगावं लागतं.

१६. श्रीखंड दुकानातल्या ग्रीक योगर्टचं केलं, पातळ झालं.

होणारच. साखर दह्यातलं राहिलेलं पाणी ओढून घेऊन विरघळते, त्यामुळे घोटल्यावर सगळं सैल पडतं. ते योगर्ट आधी कपड्यात आणखी सहा तास निथळा. चमचा उलटा केल्यावर गोळा खाली पडता कामा नये. वजनाला वजन साखर ही जुनी रीत. आता बहुतेकांना ते गोड होतं, पाऊणपट पुरे. पुरणयंत्रातून काढा आणि किमान दोन तास फ्रीजमध्ये ठेवा.

आम्रखंडाला मराठवाड्याचा केशर असेल तर सोन्याहून पिवळं. या आंब्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण रस कितीही दाट दिसला तरी त्यात पाणी असतं. कढईत मंद आचेवर तो आळवून, पूर्ण गार करून घाला. बीडच्या सीताफळाचा गर आळवायचा नाही, शिजवला की कडवटतो. बिया काढून, न घोटता, शेवटी हलकेच मिसळा. जालन्याच्या मोसंबीचं काही करता येईल का असं विचारतात. रस घालू नका, फोडी सोलून वाढताना वर ठेवा.

१७. उपवासाला चालतं का?

घरचं चालतं, दही चालतं तिथे हेही. बाजारच्या डब्यात मक्याचा स्टार्च नाही ना ते बघा (प्रश्न ५). भगरीबरोबर दाण्याचं कूट आणि काकडी घालून, किंवा उकडलेल्या रताळ्यावर जिरे-मिरचीची तुपातली फोडणी देऊन.

१८. प्रोटीन नेमकं किती? रोज किती खाऊ?

साध्या दह्यात 100 ग्रॅमला साधारण 3 ते 4 ग्रॅम, ग्रीक योगर्टमध्ये साधारण 8 ते 10. डब्यावर आकडा छापलेला असतो, तोच धरा. घरच्या सायीच्या चक्क्यात प्रथिनांबरोबर तूपही दाट होतं, हे वजन उतरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. साय काढून दही लावलं की प्रश्न मिटला. निवळीत काही कॅल्शियम जातं, तेव्हा चक्का खाणाऱ्यांनी निवळ टाकू नये. दिवसाला वाटीभर कुणालाही पुरे. वरण, उसळ सोडून चक्क्यावर राहायला जाऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

शिजवल्यावर दह्यातले जिवाणू मरतात का, असंही याच प्रश्नात विचारतात. मरतात. प्रथिनं राहतात. जिवाणू हवे असतील तर कच्चं खा.

१९. दूध पचत नाही, हे पचेल का?

पोट फुगत असेल, म्हणजे दुधातली साखर पचत नसेल, तर बऱ्याच जणांना पचतं. ती साखर थोडी जिवाणू खातात, थोडी निवळीबरोबर निघून जाते. निवळ मात्र पिऊ नका. दुधाची अ‍ॅलर्जी असेल, अंगावर गांधी उठत असतील, धाप लागत असेल, तर दही, चक्का, निवळ काहीच नको.

२०. गोळ्या चालू असताना दही बंद करावं लागतं का?

सगळ्या गोळ्यांना नाही. डॉक्सिसायक्लीन, टेट्रासायक्लीन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांसारख्या प्रतिजैविकांना दुधातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि औषध नीट शोषलं जात नाही. थायरॉइडच्या आणि लोहाच्या गोळीचंही तसंच. दही बंद करायचं नसतं, वेळ लांबवायची असते. किती तासांचं अंतर ठेवायचं ते औषध देणाऱ्यालाच विचारा.

२१. चक्क्याचं विरजण लावता येईल का?

ताजा आणि न तापवलेला असेल तर येईल. थोड्या कोमट दुधात घोटून मग लावा, नुसता गोळा टाकला तर तळाशीच बसतो. बाजारच्या डब्यावर जिवंत कल्चर असल्याचा उल्लेख हवा. पुढे त्याच दह्याचं विरजण चालवत राहा.

२२. किती दिवस टिकतो? फ्रीजरमध्ये ठेवू का? कशात ठेवू?

घरचा चक्का फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, कोरड्या चमच्याने काढला तर. वर पाणी सुटलं तर ओतून द्या किंवा परत ढवळा, ते खराब होण्याचं लक्षण नाही. फ्रीजरमध्ये महिनाभर राहतो, पण विरघळल्यावर रवाळ होतो. असा चक्का धपाट्यात, कणकेत किंवा चिकनला लावा, ताटात वाढू नका.

भांडं काचेचं, स्टीलचं किंवा चिनी मातीचं. पितळी भांड्याला कल्हई नसेल तर दही कळकतं, ते खाऊ नये. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यातही रात्रभर ठेवू नका. बरणीत भरलेल्या चक्क्याला शेजारच्या चिरलेल्या कांद्याचा वास फार पटकन लागतो, तेव्हा झाकण घट्ट लावा.